निन्जाचा ‘उरलेला वेळ’ का चुकतो? बिल्डच्या अंदाजातली गडबड शोधण्याची पद्धत

स्क्रीनवर दिसतंय ‘उरले १३ सेकंद’. तुम्ही टीम लीडला ‘झालंच’ असं कळवून टाकता. चहा घेऊन परत येता, तरी १३च सेकंद उरलेले. असं दोन-तीनदा झालं की माणूस त्या आकड्याकडे बघणंच सोडून देतो. खरं तर तो आकडा बऱ्यापैकी बोलका असतो, फक्त तो कशाचा बनलाय हे माहीत असावं लागतं.

हा लेख निन्जा या बिल्ड टूलबद्दल आहे. सीमेक किंवा मेसॉन वापरून सी, सी++ चा मोठा प्रकल्प बांधत असाल तर आतून पुष्कळदा निन्जाच चालत असतो. क्रोम ब्राउझरच्या बिल्डला लागणारा वेळ असह्य झाला म्हणून गुगलमध्ये असताना एव्हन मार्टिनने तो लिहिला. उरलेल्या वेळेचा अंदाज, म्हणजे ईटीए, मात्र त्यात अलीकडे आला: २०२४ मधल्या १.१२ या आवृत्तीत.

पहिल्यांदाच एखाद्या मोठ्या कोडबेसवर आलेल्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून लिहितोय. सगळ्या लेखाचं सूत्र एवढंच: अंदाज किती चुकला ते नंतर बघा, आधी कसा चुकला ते बघा. तो एका जागी गोठतो, उडी मारतो, की पहिल्यापासून ठाम राहून चुकतो, यावरूनच निम्मा शोध लागतो.

(कमांड, पर्याय आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत. ‘मोठं ई’ म्हणजे कॅपिटल, ‘छोटं ई’ म्हणजे स्मॉल.)

## काय काय लागेल

- निन्जा १.१२ किंवा त्यापुढची आवृत्ती
- जी बिल्ड डिरेक्टरी तपासायची आहे ती, आणि तिच्यातली .निन्जा_लॉग ही फाइल
- ऑक, सॉर्ट यांसारखी साधी कमांड, किंवा सरळ एक स्प्रेडशीट
- सीकॅश (आधी कंपाइल झालेल्या फाइलींचे निकाल साठवून पुन्हा वापरणारं टूल) वापरत असाल तर त्याची आकडेवारी पाहायची कमांड
- मशीन दुसऱ्या कुणाच्या कामात अडकलेलं नाही अशी वेळ. सामायिक सर्व्हरवर भर दुपारी मोजमाप करू नका.

## १. तो आकडा नक्की कुणाचा आहे?

ही पायरी गाळली जाते आणि मग भलत्याच दारावर तक्रार होते. जेन्किन्समध्ये (सर्व्हरवर आपोआप बिल्ड चालवणारं टूल) दिसणारी प्रगतीची पट्टी निन्जाची नसते. जेन्किन्स त्याच जॉबच्या आधीच्या काही यशस्वी बिल्डांच्या सरासरीवरून आपला वेगळा अंदाज बांधतो. त्यात कोड चेकआउट करण्यापासून टेस्ट चालवण्यापर्यंत सगळंच येतं. एडिटरमधली पट्टी तर पुष्कळदा नुसत्या ‘किती फाइली झाल्या’ यावर सरकते.

निन्जाची आवृत्ती विचारा: निन्जा --व्हर्जन. उबुंटू २२.०४ च्या भांडारात १.१० मालिका आहे, २४.०४ मध्ये १.११, म्हणजे दोन्हींत ईटीए नाहीच. नवी आवृत्ती पिपने (पायथनचं पॅकेज टूल) घालता येते.

सापळा: टर्मिनलवर नवा निन्जा दिसतो म्हणून बिल्ड त्यानेच होतंय असं धरू नका. सीमेक पहिल्यांदा कॉन्फिगर करताना सापडलेल्या निन्जाचा पत्ता सीमेककॅश.टेक्स्ट मध्ये लिहून ठेवतो, आणि पुढे ‘सीमेक --बिल्ड’ तोच वापरतो. त्या फाइलीत ‘सीमेक_मेक_प्रोग्रॅम’ ही ओळ शोधा. अँड्रॉइड एसडीके आणि व्हिज्युअल स्टुडिओ आपापला निन्जा बरोबर घेऊन येतात, त्यामुळे एकाच मशीनवर तीन निन्जा सुखाने नांदत असतात.

## २. स्टेटसची ओळ उघडी करा

निन्जाची मूळ ओळ फक्त ‘[झालेली कामं/एकूण कामं]’ एवढंच सांगते. निन्जा_स्टेटस हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सगळी अक्षरं कॅपिटल) भरून ती बदलता येते. टक्क्याच्या चिन्हापुढे एक अक्षर, असं ते लिहायचं:

- %छोटं एफ: झालेली कामं, आणि %छोटं टी: एकूण कामं
- %छोटं ई: गेलेला वेळ, सेकंदांत
- %मोठं ई: उरलेला वेळ, सेकंदांत
- %मोठं डब्ल्यू: तोच उरलेला वेळ, पण मिनिटं:सेकंद अशा रूपात
- %छोटं पी: किती टक्के कामं झाली
- %मोठं पी: अंदाजे एकूण वेळेपैकी किती टक्के गेला

शेवटच्या दोघांत हमखास गल्लत होते. छोटं पी नुसती डोकी मोजतं. दोन सेकंदांची फाइल आणि दोन मिनिटांचं लिंकिंग (कंपाइल झालेले तुकडे जोडून प्रोग्रॅम बनवणं) त्याला सारखंच. ‘९८ टक्क्यांवर अडकलंय’ ही तक्रार जवळजवळ नेहमी या छोट्या पीची असते.

शोधकामासाठी गेलेला वेळ, उरलेला वेळ, झालेली कामं आणि एकूण कामं हे चार आकडे स्वल्पविराम घालून ओळीच्या सुरुवातीला टाका आणि निन्जाचं सगळं आउटपुट एका फाइलीत वळवा. आउटपुट टर्मिनलऐवजी फाइलीत गेलं की निन्जा एकाच ओळीवर पुन्हा पुन्हा लिहीत नाही, प्रत्येक संपलेल्या कामाची वेगळी ओळ टाकतो. म्हणजे अंदाज कसकसा बदलत गेला याची आयती नोंद तुमच्या हातात येते. पुढचा सगळा तपास या फाइलीवर.

सापळा: हे व्हेरिएबल .बॅशआरसी मध्ये (शेल सुरू होताना वाचली जाणारी फाइल) कायमचं टाकू नका. जुन्या निन्जाला मोठं ई ओळखीचं नाही. अनोळखी अक्षर दिसलं की तो ते सोडून देत नाही, सरळ चूक दाखवून थांबतो. तीच .बॅशआरसी सर्व्हरवर गेली की ‘काल चालत होतं, आज बिल्डच लागत नाही’ हा नवा प्रकार सुरू होतो.

## ३. बिल्ड लावण्याआधी लॉग बाजूला काढा

बिल्ड डिरेक्टरीतल्या .निन्जा_लॉगची प्रत काढून तिला तारखेचं नाव द्या. बिल्ड लावण्याआधी. अंदाज या फाइलीतूनच निघतो, आणि प्रत्येक काम संपलं की निन्जा नवी नोंद तिच्यातच जोडतो. बिल्ड संपल्यावर बघायला गेलात तर ज्या जुन्या आकड्यांवरून चुकीचा अंदाज निघाला, त्यांच्या जागी नवे आलेले असतात.

## ४. लॉग वाचायला शिका

फाइल साध्या मजकुराची आहे. पहिल्या ओळीत लॉगची आवृत्ती, मग टॅबने वेगळे केलेले पाच रकाने: काम सुरू झालं ती वेळ, संपलं ती वेळ, फाइलीच्या बदलाची वेळ, तयार झालेल्या फाइलीचा पत्ता, आणि कमांडचा हॅश (तिच्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा). पहिले दोन रकाने मिलिसेकंदांत असतात आणि ते त्या बिल्डच्या सुरुवातीपासून मोजलेले असतात. समजा एका ओळीत ३४०२ आणि ९८७६ आहे, तर त्या फाइलीला ६४७४ मिलिसेकंद, म्हणजे साडेसहा सेकंदांच्या आसपास लागले.

दुसऱ्यातून पहिला रकाना वजा करा, उतरत्या क्रमाने लावा, वरच्या वीस ओळी बघा. बिल्डमधली खरी जड कामं तिथेच असतात, आणि पुष्कळदा ती बघून टीममधले जुनेजाणतेही चकित होतात.

वाचताना हे ध्यानात असू द्या:

- एकाच फाइलीच्या अनेक ओळी असू शकतात. जुन्या नोंदी लगेच पुसल्या जात नाहीत, निन्जा अधूनमधून साफसफाई करतो. खरी धरायची ती शेवटची.
- एका कामातून दोन-तीन फाइली निघत असतील तर तेवढ्या ओळी येतात, सगळ्यांना तीच सुरुवात आणि तोच शेवट. आंधळी बेरीज केलीत तर ते काम दुप्पट-तिप्पट मोजलं जाईल.
- सगळ्या ओळी एकाच बिल्डच्या असतात असं नाही. सोमवारी पूर्ण बिल्ड, मंगळवारी चार फाइली, बुधवारी मधेच तोडलेलं बिल्ड, असा सगळा काला तिथे असतो.

## ५. अंदाज निघतो कसा

हे समजल्याशिवाय पुढे जाऊ नका. हिशोब सोपा आहे.

बिल्ड सुरू होताना निन्जा प्रत्येक कामासाठी लॉगमध्ये बघतो: मागच्या वेळी याला किती लागले? सरासरी वगैरे काही नाही, फक्त मागची एक वेळ. ज्यांची नोंद सापडत नाही त्यांना ‘माहिती असलेल्यांच्या सरासरीइतकं’ धरतो. मग झालेल्या कामांच्या प्रत्यक्ष वेळांची बेरीज आणि उरलेल्यांच्या अंदाजे वेळांची बेरीज यांचं प्रमाण काढतो. घड्याळाप्रमाणे आतापर्यंत जेवढा वेळ गेला, त्याला त्याच प्रमाणात ताणतो. संपलं.

यात दोन गृहीतकं लपलेली आहेत. एक, या वेळची कामं मागच्याइतकाच वेळ घेतील. दुसरं, आतापर्यंत जेवढी कामं बरोबरीने चालली तेवढीच शेवटपर्यंत चालतील. बहुतेक चुका या दोहोंपैकी एक मोडल्याने होतात.

पहिल्या गृहीतकासाठी एक राखणदार ठेवलाय. १५ सेकंद उलटून गेले आणि निदान ५ टक्के कामं झाली, की निन्जा मागची सरासरी आणि आत्ताची सरासरी ताडून पाहतो. दोहोंत दहापट किंवा जास्त फरक असेल तर जुना इतिहास बाजूला ठेवून फक्त आत्ताच्या वेगावर अंदाज बांधतो. सोर्समधल्या टिप्पणीत यासाठी सीकॅशचंच उदाहरण दिलेलं आहे. नऊपट फरक असेल तर? राखणदार झोपलेलाच राहतो.

## ६. चूक कशी दिसते ते ओळखा

पायरी २ मध्ये तयार झालेली फाइल स्प्रेडशीटमध्ये उघडा. ‘गेलेला’ अधिक ‘उरलेला’ हा नवा रकाना करा, म्हणजे त्या क्षणी निन्जाला वाटत असलेली एकूण वेळ. आता ‘उरलेला’ आणि ‘एकूण’ या दोन्ही रकान्यांवरून नजर फिरवा.

### अ. ‘एकूण’ पहिल्यापासून ठाम, आणि ठामपणे कमी

दुसरं गृहीतक मोडलंय: बिल्डच्या शेवटी एकट्याने चालणारं मोठं काम आहे.

हिशोबच मांडू. आठ कोअरचं मशीन, ८० फाइली, प्रत्येकीला १० सेकंद, आणि शेवटी १०० सेकंदांचं एकच लिंकिंग. इतिहास अगदी अचूक आहे असं धरा. फाइलींना घड्याळाचे १०० सेकंद लागतील, मग लिंकिंगचे १००, खरी एकूण वेळ २०० सेकंद. निन्जाच्या लेखी कामांची बेरीज ८०० + १०० = ९००. पहिल्या १० सेकंदांत आठ फाइली झाल्या, म्हणजे ९०० पैकी ८०. म्हणून एकूण अंदाज: ११२.५ सेकंद. शंभराव्या सेकंदाला ८०० झाले, अंदाज पुन्हा ११२.५, उरले १२.५. प्रत्यक्षात उरले १००.

चूक बरोबर आठपट, कारण आतापर्यंत आठ कामं बरोबरीने चालत होती आणि आता एकच चालणार आहे. लॉग कितीही स्वच्छ ठेवलात तरी ही चूक जाणार नाही.

त्यात आणखी एक गोष्ट. स्टेटसची ओळ कुठलं तरी काम सुरू होताना किंवा संपतानाच बदलते. लिंकिंग एकटंच चालू असताना काहीच सुरू होत नाही, काहीच संपत नाही, म्हणून तो आकडा तसाच स्क्रीनवर चिकटून बसतो. बिल्ड हँग झालंय असं समजून कंट्रोल-सी दाबणारे इथेच दाबतात. त्याआधी दुसऱ्या टर्मिनलमध्ये टॉप (मशीनवर काय चाललंय ते दाखवणारी कमांड) लावून बघा, लिंकर मान खाली घालून काम करत असतो.

याच उदाहरणात शंभराव्या सेकंदाला छोटं पी ९८ टक्के म्हणेल, मोठं पी ८८ टक्के, आणि खरं बिल्ड असेल अर्ध्यावर.

### आ. सुरुवातीला फार कमी, मग पंधरा सेकंदांपुढे एकदम उडी

हा राखणदार जागा झाल्याचा पुरावा. वरचंच उदाहरण घ्या, पण शेवटचं लिंकिंग काढून टाका आणि मागचं बिल्ड पूर्ण सीकॅशमधून आलं होतं असं धरा, दर फाइलीला ०.१ सेकंद. दहाव्या सेकंदाला अंदाज म्हणतो ‘१ सेकंद उरला’. विसाव्याला तोच म्हणतो ‘८० सेकंद’, आणि तेव्हा तो बरोबर असतो. पहिल्या अंदाजावर तुम्ही कुणाला काही कळवलं नसेल तर काहीच बिघडलेलं नाही.

### इ. ‘उरलेला’ जागचा हलत नाही, ‘एकूण’ मात्र सरकत राहते

वरचे दोन्ही एकत्र आले की होतं ते हे, आणि सगळ्यात फसवं हेच. ८० फाइलींचं मागचं बिल्ड सीकॅशमधून ०.१ सेकंदाचं, पण लिंकिंगचे १०० सेकंद खरेच लागलेले, कारण लिंकिंग सीकॅशमधून येत नाही. मागची सरासरी किती? (८ + १००) भागिले ८१, म्हणजे साधारण १.३३ सेकंद. आत्ताची सरासरी १० सेकंद. फरक साडेसातपट! दहाच्या आत, म्हणून राखणदार उठत नाही. एकट्या लिंकिंगने जुनी सरासरी इतकी फुगवली की शंभरपट फरक झाकला गेला.

मग निन्जा काय दाखवतो? विसाव्या सेकंदाला उरले १३.३. साठाव्याला १२.९. शंभराव्याला १२.५. खरे उरलेले: १८०, १४० आणि १००. ‘चहा घेऊन आलो तरी तेवढेच’ म्हणतात तो हा प्रकार.

### ई. अंदाज सतत एका ठरावीक पटीत चुकतो

समजा सगळीच कामं मागच्यापेक्षा दुप्पट वेळ घेतायत. झालेली कामं नव्या वेळेने मोजली जातात आणि उरलेली जुन्या, त्यामुळे उरलेला वेळ सतत निम्मा दिसतो. तिप्पट संथ असेल तर एक तृतीयांश. उलट या वेळी कामं झटपट होत असतील तर तेवढ्याच पटीने जास्त.

याचं सगळ्यात नेहमीचं कारण कुणाच्या डोक्यात येत नाही: एकाच डिरेक्टरीत डीबगचं (चुका शोधण्यासाठीचं) बिल्ड बदलून रिलीजचं (वापरायला द्यायचं) करणं. ऑप्टिमायझेशन लागलं, सॅनिटायझर (प्रोग्रॅम चालताना मेमरीच्या वगैरे चुका पकडणारी तपासणी) लागला, की कमांड बदलते आणि निन्जा सगळं पुन्हा बांधतो. पण जुनी वेळ शोधताना तो फक्त फाइलीचा पत्ता बघतो, कमांड तीच आहे का हे बघत नाही. डीबगच्या वेळा रिलीजला लावल्या जातात.

इतर कारणं: मागचं बिल्ड चालू असताना मशीनवर दुसरं काही जड चाललेलं, लॅपटॉप तापून संथ झालेला, मेमरी संपून स्वॅपिंग सुरू झालेलं. मधेच कंट्रोल-झेडने बिल्ड थांबवून ठेवलं असेल तर तो रिकामा वेळही त्या क्षणी चालू असलेल्या कामांच्या नावावर पडतो. लॉगच्या वरच्या वीस ओळींत एखादी चिमुकली फाइल दहा मिनिटांची दिसली तर समजा.

### उ. एकूण कामांचा आकडाच बदलतो

%छोटं टी मधेच कमी झाला तर बहुधा कोड जनरेटर चालला, पण त्याने तयार केलेली हेडर फाइल आधीसारखीच निघाली. मग तिच्यावर अवलंबून असलेली कामं निन्जा यादीतून काढून टाकतो. उरलेला वेळ एकदम घसरतो. ही चूक नाही, चांगली बातमी आहे.

### ऊ. अगदी नवी डिरेक्टरी

इतिहासच नाही. आधी संपलेल्या कामांच्या सरासरीवर सगळं अवलंबून, आणि आधी संपणारी कामं बहुधा बारीकसारीक असतात. एलएलव्हीएम (कंपायलर बनवण्यासाठीचा अवाढव्य प्रकल्प) बांधून बघा: आधी टेबलजेन हे टूल तयार व्हावं लागतं, त्यातून कोड निघतो, आणि मग सी++ च्या अजस्र फाइली सुरू होतात. सुरुवातीचा अंदाज गंभीरपणे घेण्यात अर्थ नाही.

## ७. संशयित एकेकटा पकडा

आकृती ओळखली तरी खात्री करा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

सीकॅशचा संशय असेल तर त्याची आकडेवारी शून्यावर आणून बिल्ड करा, मग हिट किती, म्हणजे किती फाइली साठ्यातून मिळाल्या, ते बघा. त्यानंतर एक बिल्ड सीकॅश बंद करून (त्यासाठी सीकॅश_डिसेबल हे व्हेरिएबल आहे).

शेवटच्या एकट्या कामाचा संशय असेल तर लॉगमधल्या सगळ्यात उशिरा संपलेल्या कामांच्या सुरुवातीच्या वेळा बघा. शेवटच्या पट्ट्यात एक-दोनच कामं चालू असतील तर पुरावा मिळाला. डोळ्यांनी बघायचं असेल तर निन्जाट्रेसिंग नावाची छोटी स्क्रिप्ट आहे. ती लॉगचं रूपांतर क्रोमच्या ट्रेसिंग पानावर उघडणाऱ्या फाइलीत करते. आडव्या पट्ट्यांत शेवटची लांबलचक एकटी पट्टी लगेच नजरेत भरते.

प्रकल्पात ‘पूल’, म्हणजे बरोबरीने चालणाऱ्या कामांवरचे बंध, आहेत का तेही बघा. एका वेळी इतकीच लिंकिंगची कामं चालतील असा बंध सीमेकच्या जॉब पूलने घालता येतो, आणि एलएलव्हीएममध्ये त्यासाठी ‘पॅरलल लिंक जॉब्स’ असा थेट पर्याय आहे. बंध योग्य असतो, नाहीतर मेमरी संपते. पण ईटीए काढणाऱ्या हिशोबाला त्या बंधाची कल्पना नसते. त्याच्या लेखी सगळी कामं आठही कोअरवर सुखाने धावणार आहेत.

आणि सीमेकच्या एक्स्टर्नल प्रोजेक्टकडे लक्ष असू द्या. बाहेरची अख्खी लायब्ररी, तिच्या शेकडो फाइलींसकट, बाहेरच्या निन्जाला एकच काम म्हणून दिसते. ती पहिल्यांदा बांधली जात असेल तर तिला एका साध्या फाइलीची सरासरी वेळ दिली जाते. पुढचं काय ते सांगायला नको.

इतक्या फाइली पुन्हा का बांधल्या जातायत हेच कळत नसेल तर निन्जाला ‘-डी एक्स्प्लेन’ देऊन चालवा. प्रत्येक कामाचं कारण तो छापतो.

## ८. उपाय

डीबग, रिलीज, सॅनिटायझर यांच्या डिरेक्टरी वेगळ्या ठेवा. डिस्कची जागा जाते, पण निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

डिरेक्टरी आरएमने उडवू नका. सगळं पुन्हा बांधायचं असेल तर ‘निन्जा -टी क्लीन’ वापरा. तयार झालेल्या फाइली जातात, लॉग राहतो, म्हणजे इतिहास राहतो.

सीआयवर (कोड आला की आपोआप बिल्ड करणारी यंत्रणा) दर वेळी कोरी डिरेक्टरी मिळत असेल तर मागच्या पूर्ण बिल्डचा .निन्जा_लॉग जपून ठेवा आणि सीमेकने कॉन्फिगर केल्यावर, निन्जा चालवण्याआधी, तो जागेवर ठेवा. फाइली नसल्यामुळे बांधलं सगळंच जाईल, पण वेळा माहीत असतील. मात्र लॉग त्याच प्रकल्पाचा हवा. निन्जाकडे ‘क्लीनडेड’ नावाचं टूल आहे, लॉगमध्ये नोंद असलेल्या पण आता बिल्डमध्ये नसलेल्या फाइली ते पुसून टाकतं, आणि सीमेक ते स्वतःहून चालवू शकतो. परक्या प्रकल्पाचा लॉग आणून ठेवणं धोक्याचं आहे ते यामुळे.

एकाच डिरेक्टरीवर दोन वेगळ्या आवृत्तींचे निन्जा चालवू नका. लॉगची आवृत्ती जुळली नाही की निन्जा एक इशारा छापून लॉग टाकून देतो आणि शून्यापासून सुरुवात करतो. इतिहास तर जातोच, वर पूर्ण बिल्ड पुन्हा बसतं. तो इशारा एका ओळीचा असतो आणि शेकडो ओळींत वाहून जातो.

शेवटच्या लिंकिंगवर अंदाजाच्या बाजूने औषध नाही. लिंकिंगच लहान करा: एलएलडी किंवा मोल्ड हे लिंकर वापरून बघा, रोजच्या कामात एलटीओ (लिंकिंगच्या वेळी होणारं ऑप्टिमायझेशन) बंद ठेवा, डीबगची माहिती वेगळ्या फाइलीत काढा. तोपर्यंत लिंकिंगची वेळ लॉगमधून काढून टीमच्या विकीवर लिहून ठेवा. आकडा त्याखाली गेला की त्याकडे बघायचं नाही, घड्याळाकडे बघायचं.

## ९. तरीही खुलासा होत नसेल तर

वरच्या कुठल्याच आकृतीत चूक बसत नसेल तर निन्जाच्या गिटहबवर नोंद करायला हरकत नाही. आधी जुन्या नोंदींत शोधा, ईटीएबद्दल तिथे आधीच बोलणं झालेलं असू शकतं. जोडायचं काय:

- निन्जाची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, कोअर किती, -जे (एका वेळी किती कामं) किती दिलं होतं
- बिल्डच्या आधीचा आणि नंतरचा लॉग, दोन्ही
- पायरी २ ची चार आकड्यांची फाइल
- सीकॅश होता का, असल्यास हिट किती
- कुठल्या सेकंदाला काय दिसलं आणि प्रत्यक्षात किती लागले, दोन वाक्यांत

‘ईटीए चुकीचा आहे’ एवढ्यावर कुणी काही करू शकत नाही. दोन्ही लॉग दिलेत तर वाचणारा तुमचा हिशोब जसाच्या तसा पुन्हा मांडू शकतो.

कंपनीच्या प्रकल्पाचा लॉग असेल तर पाठवण्याआधी चौथा रकाना डोळ्यांखालून घाला. त्यात फाइलींचे पत्ते असतात, आणि त्या पत्त्यांत ग्राहकांची नावं, अजून जाहीर न झालेल्या उत्पादनांची नावं सर्रास सापडतात. सेडने (मजकूर बदलणारी कमांड) बदलून टाका, पण दोन्ही लॉगमध्ये एका नावाला एकच पर्यायी नाव द्या. नाहीतर आधीच्या आणि नंतरच्या ओळी जुळणार नाहीत, आणि तुमच्या नोंदीवर पहिलंच उत्तर ‘लॉग पुन्हा पाठवा’ असं येईल.